कोबा पॉलिशला घेण्याआधी काय काय तपासायचं? (डाळ मिलचं गोदाम, ४२०० चौ. फूट)

पत्राशेड

जागा जळगाव एमआयडीसी, डाळ मिलचं गोदाम. ६० बाय ७० फूट. ट्रिमिक्सचा (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने ओढलेला) कोबा, ६ इंच जाड, एम २५ ताकदीचा, १२ फुटी पट्ट्यांत टाकलेला, पाच वर्षं जुना. वर पत्रा. कोब्यातून धूळ निघते, पोत्यांच्या तळाला पांढरी पावडर लागते, आणि हँड पॅलेट (हाताने ओढायची पोत्यांची गाडी) जिथून जातं तिथे जॉइंटच्या कडा उडाल्यात. दोन-चार लांब भेगा आहेत. इपॉक्सी करायचं नाही, कोबाच घासून पॉलिश करायचा आहे.

ठेकेदार म्हणतो, आधी अ‍ॅसिड मारून धुऊन घ्या, मग तीन दिवसांत चकाचक करून देतो. अ‍ॅसिड मारायचं का? भेगा आधी भरायच्या की नंतर? आणि भाव विचारण्याआधी त्याला काय विचारायचं?

ओळंबा

अ‍ॅसिड अजिबात नको.

कारण सांगतो. पॉलिशमध्ये कोबा कडक करायचं काम डेन्सिफायर करतं, म्हणजे सिलिकेटचं द्रावण. ते कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी मिळतं आणि सिमेंटला बळ देणारा जो पदार्थ असतो, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, तोच छिद्रांत तयार होतो. अ‍ॅसिड पहिल्यांदा खातं ते हा चुनाच. म्हणजे ज्याच्या जिवावर डेन्सिफायर चालणार तेच तुम्ही पैसे देऊन धुऊन काढणार. शिवाय बाजारात मिळतं ते हायड्रोक्लोरिक. त्यातला क्लोराइड भेगांतून खाली उतरला आणि आत सळई असली तर गंज. संडासाच्या फरशीचं औषध आहे ते, कोब्याचं नाही.

आता तीन दिवसांचं गणित. तीन डोक्यांच्या २७ इंची प्लॅनेटरी घासाई मशीनला पहिल्या कटाला तासाला साधारण २०० ते ३०० चौरस फूट मिळतात. ४२०० ला १४ ते २१ तास झाले, फक्त पहिल्या कटाचे. त्यानंतर मेटलचे (हिऱ्याचे कण धातूत बसवलेले) अजून दोन हात, रेझिनचे (कण प्लॅस्टिकसारख्या रेझिनमध्ये बसवलेले पॅड) तीन, मधे भराई आणि डेन्सिफायरचा एक दिवस. एका मशीनवर तीन दिवसांत काय होईल? शेवभाजीसारखं, वर लाल तर्री आणि खाली पाणी.

घासणारा

ओळंबा आप्पांना अनुमोदन. भाव विचारण्याआधी कोबा स्वतः तपासा. चार-पाच ठिकाणी तपासा: दाराजवळ, मधोमध, भिंतीकडेला, पॅलेटच्या वाटेवर आणि थप्पीखाली. थप्पीखालचा कोबा वाटेवरच्यापेक्षा वेगळा निघतो.

पहिलं ओरखडा. मोहस पेनचा (कडकपणाच्या १ ते १० मापाच्या पेनांचा) संच असला तर उत्तम, नसला तर तांब्याची तार, खिळा आणि कानस. तांब्याची तार ३ च्या आसपास, साधा खिळा ४ ते ५, कानस साडेसहा. तारेनेच ओरखडा पडला तर कोबा फार मऊ. खिळ्याने पडला, तारेने नाही, तर मध्यम. कानशीनेही जेमतेम उमटला तर कडक. ओरखडा ओढून झाला की बोटाने पुसून बघा. पुसला गेला तर तो ओरखडा नव्हे, खिळ्याचीच धातू घासून उतरलेली असते. इथे निम्मे लोक फसतात.

यावर सेगमेंट, म्हणजे मशीनखालचा हिऱ्याचे कण बसवलेला तुकडा, ठरतो, आणि तो उलटा ठरतो. त्यात हिऱ्यांना धरून ठेवणारा धातू म्हणजे बाँड. मऊ कोब्याला कडक बाँड, कडक कोब्याला मऊ बाँड. मऊ कोब्यातून वाळू भसाभस सुटते आणि ती बाँड खाते. बाँड मऊ असला तर हिऱ्याचे कण काम करायच्या आधीच गळून पडतात, एका गोदामात दोन संच संपतात. कडक कोबा बाँडला खात नाही. त्यामुळे कडक बाँड लावला तर वरचे हिरे बोथट होतात, खालचे बाहेर येतच नाहीत, आणि सेगमेंट काचेसारखा गुळगुळीत होऊन नुसता फिरत राहतो. ठेकेदाराला विचारा, "बाँड कोणता लावणार आणि का?" "आमच्याकडे एकच संच आहे" असं उत्तर आलं की नमस्कार करा.

पत्राशेड

मऊच निघाला भो. वाटेवर तारेनेही खरवडतो. थप्पीखाली खिळा लागतो. मग हा कोबा पॉलिश घेणार का?

लेव्हलपट्टी

घेतो. पण मऊपणा किती खोल आहे ते बघा. ट्रिमिक्सला व्हॅक्यूमने पाणी ओढलं तरी वरून सुका सिमेंट भुरभुरून पॉवर ट्रॉवेल मारलेला असतो, कारण डोळ्याला छान दिसतं. त्या थराखाली ओलावा अडकतो, वरचं कवच सुटं राहतं. हातोडीने टक टक करत जा, किंवा जाड साखळी फरफटत न्या. घट्ट जागी आवाज बंद येतो, सुटलेल्या जागी डब्यासारखा. खडूने गोल करून ठेवा. हे गोल ५-६ टक्क्यांपेक्षा जास्त जागेत निघाले तर घासाईच्या भावात कवच काढायचं काम वेगळं धरावं लागेल.

दोन-तीन फूट जागा अँगल ग्राइंडरला कप व्हील लावून दोन मिलिमीटर उतरवा आणि तिथे परत खिळा ओढा. खाली कडक लागला तर मऊ थर निव्वळ वरचा आहे, तो काढला की काम झालं. खालीही तोच भुगा निघाला तर कोब्यात सिमेंट कमी आहे किंवा पाणी जास्त झालं आहे. अशा वेळी डेन्सिफायर दोनदा लागेल आणि चकाकीची अपेक्षा खाली आणावी लागेल.

आणखी एक, दहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन फिरा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर मशीन उंच भाग जास्त कापणार, खोलगट भाग कमी. उंचावर खडी उघडी पडते, खोलात सिमेंटची साय राहते, आणि पॉलिश झाल्यावर जमीन ढगाळ दिसते. गोदामाला चालतं. शोरूमला चालत नाही. दोन्हींचा भाव एकच नसतो, हे आधीच बोलून घ्या.

तापीकाठ

खडीवरून आठवलं. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. जास्त घासलं तर करड्या जमिनीवर काळे ठिपके येतात, दिसायला झकास. पण जळगावकडच्या काही खाणींच्या दगडात झिओलाइटच्या पांढऱ्या गाठी असतात. जगभरचे स्फटिक गोळा करणारे ज्यासाठी जळगावचं नाव घेतात ते हेच. कोब्यात मात्र हे डोकं खातं. बेसाल्ट ६ च्या आसपास कडक, या गाठी साडेतीन-चारच्या. मेटलच्या हाताखाली गाठ सुटते आणि खडीत खड्डा पडतो. ठेकेदाराला वाटतं टोचा पडला, तो परत परत घासतो. घासून भरत नाही, तो ग्राउटनेच भरावा लागतो.

घासणारा

बरोबर. तशा खड्ड्यांसाठी आणि टाचणीच्या छिद्रांसाठी ग्राउटचा (भराईच्या लगद्याचा) हात ६०-८० नंबरच्या मेटलनंतर घ्यायचा (नंबर जेवढा मोठा तेवढे हिऱ्याचे कण बारीक). त्याच कोब्यातून निघालेली बारीक धूळ चाळून घ्यायची, ग्राउटच्या बाइंडरमध्ये कालवून रबरी पट्टीने दाबून ओढायची, सुकली की १२० ने वरची उतरवायची. धूळ त्याच कोब्याची असल्यामुळे रंग मिळतो. बाहेरची खडीची पावडर घातली की ठिगळ दिसतं. म्हणून पहिल्या कटाच्या धुळीची पहिली पोती फेकू नका, एक बाजूला ठेवा.

केळीबाग_रावेर

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे केळीचं पॅकहाउस आहे, टाकीच्या बाजूला जमीन सतत ओली असते आणि चिकाचे काळे डाग. पॉलिशने डाग जातील का?

ओळंबा

वरचे जातील, आत मुरलेले नाही. केळीचा चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा, हवेत काळा पडतो आणि छिद्रांत उतरतो. एखादा मिलिमीटर काढून डाग फिका झाला तर ठीक, नाहीतर त्याच्या मागे लागू नका. खड्डा तयार होईल आणि डाग तसाच राहील.

खरं सांगू का, टाकीच्या बाजूला पॉलिश करूच नका. ओल्या जमिनीवर २०० नंबरच्या पुढे गेलात तर माणूस घसरेल, डोक्यावर घड असताना. तिथे १०० पर्यंत घासा, डेन्सिफायर द्या, थांबा. कोरड्या बाजूला, कार्टन ठेवता तिथे, ४०० करा.

धुळेरोड

नंदुरबारच्या मिरची गोदामांचा प्रश्नही तसाच. मिरचीचं तेल आणि रंग कोब्यात मुरतो. तेलकट डागावर थेट मशीन घातली तर सेगमेंट तेल पसरवतो. आधी डाग काढायचा: डिटर्जंटचं गरम पाणी, ब्रश, ओढून घ्या, परत एकदा. मग वर चुन्याची किंवा खडूची पूड लगदा करून थापा, प्लॅस्टिक झाका, रात्रभर ठेवा. तेल लगद्यात येतं. दोनदा केलं तर फरक दिसतो.

शेवटी पाण्याच्या थेंबाची चाचणी. जागोजाग थेंब टाका. मिनिटाभरात शोषला तर कोबा उघडा आहे. पाच मिनिटं मोत्यासारखा बसून राहिला तर वर तेल, मेण किंवा जुनं क्युरिंग कंपाउंड (नव्या कोब्यातलं पाणी उडू नये म्हणून मारतात ते) आहे. त्यावर डेन्सिफायर टाकलं तर तेही असंच बसून राहील.

पत्राशेड

आता भेगा आणि जॉइंट. आधी की नंतर?

लेव्हलपट्टी

जॉइंटच्या उडालेल्या कडा आणि खड्डे पहिल्या मेटलनंतर. आधी भरलं तर पहिल्याच हाताला सगळा माल उतरतो. मेटल संपल्यावर भरलं तर रेझिन पॅडला उंचवटे लागतात आणि पॅड फाटतो. म्हणून पहिला हात झाल्यावर भराई, आणि दुसऱ्या मेटलने सपाटी.

भेगेच्या बाबतीत आधी एक प्रश्न: ती जिवंत आहे का, म्हणजे अजून उघडते-मिटते का? आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण खाली काळी माती. मे महिन्यात काळी जमीन हातभर फाटते, आषाढात फुगते. सोलिंगखाली मुरमाचा भराव कमी असला तर हे सगळं वर येतं. अशी भेग बहुधा भिंतीपासून दोन-तीन फूट आत, भिंतीला समांतर जाते, कारण कडेची माती सुकते-भिजते आणि मधली तेवढी नाही.

तपासायला काचेची पातळ पट्टी भेगेवर दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवा, तारीख लिहा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले तर उत्तम. वेळ नसेल तर निदान पेन्सिलने दोन्ही बाजूंना खुणा करून महिनाभर मापा. पट्टी तडकली म्हणजे भेग जिवंत. तिच्यात कडक इपॉक्सी भरू नका. भेग तिथे उघडणार नाही, दोन इंच शेजारी उघडेल. मेलेल्या भेगेला व्ही आकारात ८-१० मिलिमीटर रुंद कापून, धूळ ओढून, इपॉक्सीत बारीक वाळू कालवून भरा. जिवंत असली तर लवचीक पॉलियुरिया, आणि ती दिसणार हे मान्य करा.

तापीकाठ

जॉइंटला तेच पॉलियुरिया, पण सेमी-रिजिड (अर्धवट कडक), रबराच्या कडकपणाच्या शोर ए मापावर ८० ते ९० च्या आसपास. मऊ सिलिकॉन भरलं तर पॅलेटचं छोटं लोखंडी चाक ते दाबतं आणि कड परत उघडी पडते. कड उडते ती चाकाच्या धक्क्याने, म्हणून फिलरचं काम निव्वळ धूळ अडवणं नाही, कडेला मागून टेकू देणं आहे. त्यासाठी जॉइंट पूर्ण खोलीपर्यंत भरायचा. खाली बॅकर रॉड कोंबू नका. वरून एक सेंटिमीटर माल आणि खाली स्पंज म्हणजे टेकू गेलाच.

हिशोब: ६० फुटांत १२ फुटी पाच पट्ट्या, म्हणजे ४ जॉइंट गुणिले ७०, झाले २८० फूट. आडवे काप १४ फुटांवर धरले तर ४ गुणिले ६०, झाले २४०. एकूण ५२० फूट, म्हणजे सुमारे १५८ मीटर. काप ४ मिलिमीटर रुंद, ४० खोल असेल तर मीटरला १६० मिलिलिटर. साधारण २५ लिटर माल, वर १० ते १५ टक्के नासाडी. कडा उडालेल्या ठिकाणी वेगळा. भराव वर थोडा फुगीर ठेवायचा, घट्ट झाला की धारदार पट्टीने कापायचा.

खांबांभोवतीचे आणि भिंतीलगतचे जॉइंट मात्र यात धरू नका. ते मऊच राहू द्या, तिथे कोब्याला हलायचं असतं.

घासणारा

तापीकाठ, भराई कोणत्या मोसमात? मेमध्ये भरलं तर हिवाळ्यात कडेपासून सुटतं.

तापीकाठ

सुटतं. बेसाल्टच्या खडीच्या कोब्याचा प्रसरण गुणांक धरा अंशाला दशलक्षात ९. १४ फुटांचा चौक, म्हणजे सव्वाचार मीटर. कोब्याच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला तर पाऊण मिलिमीटरला जॉइंट उघडतो. ४ मिलिमीटरच्या कापात हा फरक मोठा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे आणि डिसेंबर यांच्यात एवढा फरक सहज. म्हणून भराई डिसेंबर-जानेवारीत सकाळी करावी, जॉइंट उघडा असताना. उन्हाळ्यात माल दबून किंचित वर येईल, तो कापून टाका. उलट केलं तर फट राहते आणि त्यात डाळीची पूड बसते, मग किडे.

पत्राशेड

आणि डेन्सिफायर? ठेकेदार "केमिकल मारतो" एवढंच म्हणतो.

ओळंबा

कोणतं ते विचारा. सोडियम सिलिकेट स्वस्त, काम करतं, पण जास्तीचं वेळेत धुतलं नाही तर वर पांढरा थर बसतो आणि तो परत घासूनच जातो. लिथियम सिलिकेट महाग, पांढरं कमी पडतं, धुवायची कटकट कमी. गोदामाला दोन्ही चालतात, फक्त सोडियम असेल तर धुणारा माणूस जागा हवा.

कुठल्या हातानंतर? मध्यम कोब्याला १२० च्या मेटलनंतर. तुमच्या वाटेवरच्या मऊ भागाला पहिल्या कटानंतरच एकदा, आणि १२० नंतर परत. मऊ कोब्याला पुढच्या नंबरांसाठी आधी हाडं द्यावी लागतात, नाहीतर १०० नंबरचा पॅडही वाळू उचकटत जातो आणि ओरखडे संपतच नाहीत.

प्रमाण: एका लिटरला ६ ते ८ चौरस मीटर. ४२०० चौरस फूट म्हणजे ३९० चौरस मीटर, तेव्हा एका हाताला ५० ते ६५ लिटर. तुमच्यासारखा कोबा अधाशी असतो, वरचा आकडा धरा. बारीक फवाऱ्याने टाकून मायक्रोफायबरने पसरायचं आणि २० ते ३० मिनिटं ओलं ठेवायचं. सुकायला लागलं की तिथे परत. डबकी राहू द्यायची नाहीत. घट्ट जेलीसारखं व्हायला लागलं तर थोडं पाणी मारून ओढून घ्या.

आता खानदेशातली दोन विघ्नं. एक ऊन. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी फरशी ४० च्या वर जाते, द्रावण पाच मिनिटांत सुकतं आणि आत शिरतच नाही. फरशी ३५ च्या खाली असताना, म्हणजे पहाटे, आणि पंखे बंद ठेवून. दोन, बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम सिलिकेटला डब्यातच धरतं, पाणी दुधाळ होतं, पांढरी कणी तळाशी बसते. ती कणी तुम्ही कोब्याला देणार होतात. सांद्र माल पातळ करायचा असेल तर आरओचं किंवा मऊ पाणी घ्या. तयार द्रावण आणलं तर हा प्रश्नच नाही.

धुळेरोड

तिसरं विघ्न विसरलात आप्पा. सिमेंट.

ओळंबा

सांगा तुम्हीच.

धुळेरोड

आपल्या भागात बहुतेक कोबे पीपीसीचे, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटचे. त्यात फ्लाय अ‍ॅश असते, आयएस १४८९ भाग १ प्रमाणे १५ ते ३५ टक्के. दीपनगरचं वीज केंद्र शेजारी, राख मुबलक. राख चांगलीच, पण ती स्वतः मोकळा चुना खाऊन बळ धरते. म्हणजे जुन्या पीपीसी कोब्यात डेन्सिफायरसाठी चुना कमी उरतो. डेन्सिफायर काम करणार नाही असं नाही, पण ओपीसीच्या (राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटच्या) कोब्याइतका फरक दिसणार नाही. नमुना चौकात आधी करून पाहा: १० बाय १० फुटांवर सगळे नंबर, डेन्सिफायर, सगळं. तो नमुना ठेकेदाराने कराराच्या आधी द्यावा, आणि काम संपेपर्यंत तो चौक झाकून ठेवावा. भांडण झालं तर बोट दाखवायला जागा राहते.

पत्राशेड

नमुन्याचं पटलं. नंबर कुठपर्यंत न्यायचे? तो ३००० म्हणतोय.

घासणारा

३००० डाळ मिलला? आरसा करून दाढी करणार का तिथे?

मेटल ३०-४०, ६०-८०, १२०. रेझिन १००, २००, ४००. हौस असली तर ८००. गोदामात ४०० पुरे. त्याच्या पुढची चकाकी पोत्यांच्या धुळीने आणि चाकांनी दोन महिन्यांत जाते. ३००० चे पैसे जॉइंटमध्ये घाला.

नंबर मात्र गाळायचे नाहीत. पुढचा नंबर मागच्याच्या दुपटीपेक्षा फार पुढे नको. ६० वरून थेट २०० घेतला तर ६० चे ओरखडे तसेच राहतात आणि वर चकाकी येते. उजेड तिरका पडला की गोल गोल नक्षी दिसते. प्रत्येक हात मागच्याला काटकोनात: एक पूर्व-पश्चिम, पुढचा उत्तर-दक्षिण. म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. तपासायला जमीन धुऊन सुकवा, टॉर्च जमिनीला टेकवून धरा. ओल्या जमिनीवर सगळंच चांगलं दिसतं, ठेकेदार तेव्हाच फोटो काढतो.

कडा विसरू नका. मोठी मशीन भिंतीपासून ४-६ इंच सोडते. तिथे ७ इंची हात मशीन, आणि प्रत्येक नंबराला आधी कड, मग मशीन, म्हणजे मशीनचा हात कडेवर चढतो. शेवटी एकदम कडा करायला घेतल्या की भिंतीलगत चौकट दिसते.

लेव्हलपट्टी

ओला की कोरडा?

ओळंबा

माझं मत कोरडा, चांगल्या हेपा (अगदी बारीक धूळही गाळणाऱ्या) व्हॅक्यूमसकट. कोरड्यात ओरखडा दिसतो, ओल्यात लपतो.

तापीकाठ

माझं उलट, निदान पहिला कट ओला. बठ्ठा खेळ पाणीना शे. सेगमेंट थंड राहतो, कडक कोब्यात कापही चांगला बसतो. गाळ मात्र लगेच ओढायचा. उन्हात दहा मिनिटं राहिला की सिमेंटसारखा धरतो.

आणि तो गाळ गटारात किंवा बांधावर नको. अल्कली असतो, सामू १२ च्या आसपास. आपल्या काळ्या जमिनीत आधीच चुनखड, त्यात हे ओतलं तर तो तुकडा गेला. खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून गाळ बसू द्या, वाळला की राडारोड्यात. किती निघेल त्याचा अंदाज: दीड मिलिमीटर काढला तर ३९० चौरस मीटरमधून सुमारे ०.५८ घनमीटर, वजनात सव्वा टनाच्या पुढे. कुठे ठेवायचा ते पहिल्या दिवशी ठरवा.

ओळंबा

पहिला कट ओला, मान्य. पण डाळ मिलमध्ये माल हलवलेला नसेल तर ओलं करू नका, पोती ओल धरतात. आणि कोरड्याला व्हॅक्यूम नसेल तर काम बंद. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला बांधलेला रुमाल काही अडवत नाही. एन ९५ किमान, आणि तोही मापाचा.

जिनिंगवाला

आमच्याकडे कापूस जिनिंग. वेगळं काही?

धुळेरोड

हंगाम संपल्यावरच. कोब्यात राहिलेले खिळे, अँकर बोल्टचे बुडखे आधी काढून घ्या. मशीनखाली बोल्ट आला की ठिणगी, आणि तुमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यात सरकी आणि रुईचे तंतू साचलेले. शिवाय बोल्टने सेगमेंट मुळातून तुटतो. जमीन आधी लोहचुंबकाच्या पट्टीने झाडून घ्या. मग झाडू, मग व्हॅक्यूम, मग मशीन.

पत्राशेड

वीज? आमच्याकडे थ्री फेज आहे पण दुपारी दाब पडतो.

घासणारा

११ किलोवॉटची मशीन असेल तर फेजला २० अँपिअरच्या आसपास ओढते. ५० मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल चालेल, १०० मीटर असेल तर ६. केबल गुंडाळीत ठेवून चालवू नका, तापते. दाब पडला की व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ट्रिप होतो आणि मशीन ज्या जागी थांबते तिथे गोल खूण पडते. दाब पडतच असेल तर रात्री घासा, किंवा २५ केव्हीएचा जनरेटर.

नवीशेड_धुळे

माझा कोबा अजून टाकायचाय. पॉलिश करायचाच आहे, तर टाकतानाच काय सांगू?

लेव्हलपट्टी

तुम्ही वेळेवर विचारलंत. ओपीसी मागा. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आसपास, एम ३०. वरून सुका सिमेंट भुरभुरायचा नाही, हे मिस्त्रीला एकदा सांगून भागत नाही, तिथे उभं राहावं लागतं. मेणाचं क्युरिंग कंपाउंड नको. स्टील फायबर वर आले तर गंजतात, म्हणून पॉलिशच्या जमिनीत नको. लाल सुताची रेघ किंवा पक्क्या शाईच्या खुणा कोब्यात मुरतात आणि पॉलिशनंतर दिसतात, निळा खडू घ्या.

एप्रिल-मेमध्ये टाकत असाल तर रात्री. वारा आणि ऊन मिळून वरचं पाणी तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या वर उडायला लागलं की ओल्या कोब्यावरच केसासारख्या भेगा येतात. वाऱ्याच्या बाजूला हिरवं कापड बांधा. आयएस ४५६ प्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत क्युरिंग १० दिवसांपेक्षा कमी नको, पीपीसी असेल तर १४. आळी बांधून पाणी भरा. प्लॅस्टिक अंथरणार असाल तर सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीखाली काळी रेघ उमटते आणि ती घासूनही जात नाही.

जॉइंट त्याच दिवशी कापा. कटरने कड उचकटत नाही इतका घट्ट झाला की लगेच. आपल्याकडे उन्हाळ्यात हे ५-६ तासांत होतं. खोली जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागापर्यंत, ६ इंचाला दीड ते दोन इंच. अर्धा इंच कापून मोकळे होतात, मग भेग जॉइंट सोडून शेजारून जाते.

घासायला २८ दिवसांनंतर. जॉइंट भरायला जितकं थांबाल तितकं चांगलं, तीन महिने थांबलात तर फारच चांगलं.

नवीशेड_धुळे

ओल्या कोब्यावर भुरभुरायचा हार्डनर पण सांगितलाय ठेकेदाराने.

घासणारा

पॉलिश करायचं तर हार्डनर कशाला? तो वर टाकणार, आम्ही घासून काढणार. एकाचेच पैसे द्या.

पत्राशेड

ओलावा तपासायचा राहिला का? शेजारी नाला आहे.

तापीकाठ

४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळा पडला तर ओल वर येते आहे. डेन्सिफायरला ओलीचं वावडं नाही, तो थर नसतो. पण शेवटी जो स्टेन गार्ड (डाग अडवणारा थर) मारतात तो जाड किंवा सॉल्व्हंटचा असेल तर खालून येणारी वाफ त्याला पांढरा करते. पाण्यात बनवलेला, पातळ दोन हात, आणि बर्निशरने (वेगाने फिरणाऱ्या चमकवायच्या मशीनने) घासून बसवायचा. चाचणी पावसाळ्यात करा. मेमध्ये सगळेच कोबे कोरडे असतात.

पत्राशेड

नमुना चौक उद्या वाटेवरच्या मऊ भागात घेतो. ठेकेदार म्हणतो तो कोपऱ्यात घ्या.

घासणारा

वाटेवरच घ्या. आणि जॉइंट मधोमध येईल असा.